टाकी धरायला बाबा

रविवार, घुग्घुस

मोटारसायकल खड्ड्यात आदळली की बंद पडते. टाकीखाली कुठेतरी वायर घासली असणार. मागचा बोल्ट काढून टाकी उचलायची, एकाने ती धरायची, दुसऱ्याने खाली बघायचं. ठोकळा लावून मी एकटीनेही केलं असतं. तरी बाबांना बोलावलं. अर्धांगाच्या झटक्यानंतर उद्या ते पहिल्यांदा खाणीत कामावर जाणार म्हणतात. फिटरचं काम. उजव्या हातात किती जोर आलाय ते मात्र कुणालाच नीट सांगत नाहीत. मला ते बघायचं होतं. म्हणून सकाळीच सगळं पेट्रोल डब्यात काढून ठेवलं. रिकाम्या टाकीला वजन ते काय?

बाबांनी उजव्या हाताने धरली. मी वाकून वायर शोधत होते, तेवढ्यात टाकी माझ्या मनगटावर आली.

"भरून हाये का वं? लय जड लागून राह्यली."

"हो," मी म्हटलं. "कालच भरली."

का म्हटलं असं? रिकामी होती. पूर्ण रिकामी.

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. हसलेसुद्धा.

"मंग आधी सांगाले काय झालं होतं तुले? म्हणे इंजिनिअर. पेट्रोल काढ पहिले, मंग धरतो मी."

नळी आणते म्हणून आत आले आणि हे लिहीत बसले आहे. ते अंगणात हात चोळत बसलेत. आत्ताच विचारलं, "भेटली का वं नळी?"

नळी माझ्या हातातच आहे.