खंड पडू द्यायचा नाही

८ जानेवारी, नांदेड
शिबिरातल्या सबनीस बाई म्हणतात, मी व्हायोलावर (व्हायोलिनचा थोरला भाऊ!) वाजवते ते संगीत नव्हे, विहिरीवरची मोटार आहे! अख्खा वर्ग हसला. उदगीरचा मन्मथ सगळ्यांत जोरात. स्वतःचा व्हायोला आधी सुरात आण म्हणावं!
शिबिराच्या रविवारच्या समारोपात एकट्याने वाजवायला एकालाच मिळणार. मला नाही मिळालं तर हा नाद सोडायचा — वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, निघताना लोह्याच्या बस स्टँडवरच बजावलंय. "पाहुणे इचारायलेत, पोरगी काय करती. काय सांगू? खोकं खरवडती?"
सांगा खुशाल!

९ जानेवारी
पुन्हा तेच. "राजकन्या, ओळ संपली की थांब. श्वास घे. भाव तिथे असतो."
मी म्हणाले, आमच्याकडे थांबत नाहीत.
खरंच नाहीत. गावच्या हरिनाम सप्ताहात अण्णा वीणा घेऊन पहाऱ्याला उभे राहतात. माणूस बदलतो, वीणा जमिनीला टेकत नाही — या गळ्यातून त्या गळ्यात. खंड पडला की सगळं वाया. मी त्यातच वाढले.
"इथे सप्ताह नाही," बाई म्हणाल्या. मलाही राग आला. मन्मथसारखं डोळे मिटून डोलायचं, तोंड वेडंवाकडं करायचं, तो भाव असेल तर नकोच मला!

१० जानेवारी
जमलं!!
वीणा देताना अण्णा आधी समोरच्याच्या पाया पडतात, तो कितीही लहान असो. मग हळूच भार सोडतात. तेवढ्यात तारेचा आवाज बारीक होतो, पण बंद पडत नाही. आज ओळीच्या शेवटी मी तारांवरच्या गजाचा भार तसाच सोडला. थांबले नाही हं! आवाज बारीक होत पुढच्या ओळीत गेला.
बाई म्हणाल्या, "उद्या तू." मन्मथचा चेहरा बघण्यासारखा होता.
अण्णांना फोन केला. "बघू. हरबऱ्याला पाणी द्यायचं हाय."
नका येऊ! माझं काही अडत नाही.

११ जानेवारी
आले होते. शेवटच्या रांगेत, टोपी सावरत. वाजवून झाल्यावर व्हायोला त्यांच्या हातात दिला आणि फोटोला पळाले. मग सत्कार, भाषणं, चहा. परत आले तर हॉल रिकामा. एवढ्या खुर्च्या असून अण्णा उभेच, व्हायोला छातीशी धरून.
"अण्णा, ठेवायचा की खुर्चीवर!"
"घ्यायला कुणी आलं न्हाई. खाली कसा ठिवू?"
मी हात पुढे केले. अण्णा आधी माझ्या पायाशी वाकले.