तिसऱ्या दिवसाची भाकरी

नागपूर, ८ मार्च २०२६

ती. आक्कास,
धाकट्या भावाचा सप्रेम सलाम, वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि आई स्पीकरवर सगळं ऐकत असते, म्हणून बाबांसारखं पत्रच लिहितो. ईस्टरला मी येणार, तांबडा-पांढरा ओरपणार, त्यात बदल नाही. पण पहाटे सगळे मेणबत्त्या घेऊन कब्रस्तानात जमतील, तेव्हा बाबांच्या कबरीपाशी पुनरुत्थानाचा अध्याय मी वाचणार नाही. आजोबांच्या कबरीशी बाबा वाचायचे, आता पाळी माझी, हे ठाऊक आहे. तरीही नाही.

इथल्या बायबल-अभ्यासात हा विषय निघाला. प्रभू स्वतः म्हणाला, योना माशाच्या पोटात होता तसा मी तीन दिवस व तीन रात्री भूमीच्या पोटात असेन. शुक्रवारी संध्याकाळी त्याला कबरेत ठेवलं, रविवारी पहाटे कबर रिकामी. रात्री दोनच भरतात. काहीजण म्हणतात वधस्तंभ बुधवारी झाला, कारण योहान लिहितो की दुसऱ्या दिवशीचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, मोठा होता, म्हणजे सणाचा, तो नेहमीसारखा शनिवारीच असेल असं नाही. मला तेही पुरतं पटत नाही. पण आक्का, एवढी साधी बेरीज चुकत असेल, तर बाबा उठतील हे त्या मातीसमोर मी कोणत्या तोंडानं म्हणू?

आईला समजाव. माझ्यावर रागाव हवं तर, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा,
शांतवन


कोल्हापूर, १४ मार्च २०२६

चि. शांतवन यास,
आक्काचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. आईला वाचून दाखवलं, ते ‘आईला समजाव’ तेवढं गाळून. ती म्हणाली, पोराला तिकडं धड जेवण मिळत नसणार, म्हणून डोकं तापलंय. तिचा गुडघा बरा आहे, तेल लावते म्हणते आणि लावत नाही.

आता तुझी बेरीज. आरं, बँकेत व्याजाचे दिवस मोजतोस तसं शास्त्र मोजायला बसलास व्हय? एस्तेर राणीचं पुस्तक काढ. ती सांगते, तीन दिवस, रात्री नि दिवसा, काही खाऊ-पिऊ नका, मग मी राजापुढं जाईन. आणि गेली कधी? तिसऱ्या दिवशी. तिसरी रात्र सरायची वाट बघत बसली न्हाय. त्या काळचे लोक दिवसाचा तुकडासुद्धा अख्खा दिवस धरायचे, रात्रीसकट. प्रभूचे वैरीही तसंच मोजतात. पिलात सुभेदाराला सांगतात, हा तीन दिवसांनंतर उठेन म्हणाला होता, तर तिसऱ्या दिवसापर्यंत पहारा ठेवा.

तुझ्या बुधवारवाल्यांना एवढंच विचार. अम्माऊस गावाच्या वाटेवर प्रभूचे ते दोघं शिष्य रविवारी म्हणतात, हे घडून आज तिसरा दिवस. बुधवार धरला तर रविवार पाचवा पडतो की! आणि सण नि शनिवार एकाच दिवशी आले, म्हणून तो शब्बाथ मोठा. मार्क तर सरळ लिहितो, शब्बाथाचा आदला, तयारीचा दिवस होता. शुक्रवार. झालं तुझं समाधान?

नसेल तर शास्त्र ठेव बाजूला आणि गेला श्रावण आठव. बाबा शुक्रवारी दिवेलागणीला गेले. शनिवारी माती दिली. रविवारी सकाळी शेजारच्या बयाबाई पाटीत पिठलं-भाकरी नि खर्डा घेऊन दारात. आईला म्हणाल्या, आमच्यात तिसऱ्या दिवशी राख सावडतात, तुमच्यात राख न्हाय, पण तिसरा दिवस हाय की, आज चूल पेटवू नका. त्या वेळी तू रात्री मोजल्यास? दोन भाकऱ्या खाल्ल्यास, तिसरी मागून घेतलीस. शुक्रवारी गेलेल्याचा तिसरा दिवस अख्खं कोल्हापूर रविवारी करतं, आणि प्रभूलाच तेवढा सोमवार लावतोस व्हय रे शहाण्या?

मी वाचीन की, माझा आवाज तुझ्यापेक्षा खणखणीत आहे. पण आईला तुझाच हवा. तू वाचायला लागलास की तिला बाबा ऐकू येतात. घरचं सगळं ठीक. आमची आठवण भांडणापुरतीच काढू नकोस.

तुझी,
आक्का


नागपूर, २१ मार्च २०२६

ती. आक्कास,
सप्रेम सलाम, वि. वि.

एस्तेर वाचली, अभ्यासातही मांडली. बुधवारवाले शुक्रवारावर आले. एकजण अजून पुटपुटतोय, पुटपुटू दे.

पण खरं सांगू? मी हरलो तो भाकरीवर. शनिवारची ती रात्र सरेल असं मला वाटलंच नव्हतं. सरली, आणि सकाळी बयाबाईंच्या पाटीवरचं फडकं निघालं तशी मला सडकून भूक लागली. बाप जाऊन दीड दिवस झाला आणि मला भूक लागते, याची इतकी लाज वाटली की कुणाला बोललो नाही. तुला तिसरी भाकरीसुद्धा दिसली होती तर!

मी वाचतो, आक्का. लूकचाच अध्याय वाचतो, अम्माऊसच्या वाटेवरच्या त्या दोघांचा. फक्त मध्येच अडलो तर पुढचं तू वाच. आईला सलाम, आणि तुम्हा दोघींची माया अशीच राहू दे.

तुझा,
शांतवन


कोल्हापूर, २६ मार्च २०२६

चि. शांतवन यास,
अ. उ. आ.

मी वाचणार नाही. अडलास तर थांब, पाणी पी, नाक पूस, आणि जिथं सोडलंस तिथून पुढं तूच वाच. मेणबत्त्या धरून आम्ही उभ्या आहोत. आईचा गुडघा दुखला तर ती बाबांच्या कबरीवर टेकेल, ते काही म्हणायचे नाहीत.

बयाबाईंना भाकरीचं सांगितलंय. तू ये. शुक्रवारपासून रविवारपर्यंत वाट बघायची सवय हाय की आपल्या घराला.

तुझीच,
आक्का