जुंपलेली गाडी

१४ जून २००७

प्रिय रागिणी,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. मध्ये दोनदा फोनवर बोललो आणि दोन्ही वेळा पेरणीचं बोलून मी रिसीव्हर तुझ्या आईकडे दिला. तू विचारलंस ते साधं होतं. अकोल्याच्या डॉक्टरीणबाई म्हणतात की सगळं ठीक आहे, जोखीम दिसत नाही. मग हे दुसरं बाळंतपण गावी, आपल्या घरी, उज्माच्या हातून का करू नये? उज्मा धामणगावला शिकलेली नर्स आहे, तिच्या हाताला यश आहे. पण ती नसीमबानो दाईची नात. एवढं ऐकूनच तुझ्या आईनं फोन ठेवला. "त्या घरचा हात माह्या पोरीले नाई लागनार," एवढं बोलून ती पुन्हा पोळ्या लाटू लागली. का, ते तुला अर्धं माहीत आहे. तुझ्या पाठचा भाऊ जन्मताच गेला, दाईनं उशीर केला. उरलेलं अर्धं या पत्रात लिहायचं आहे. जरा धीर धर, मला त्याच्याकडे आडवाटेनंच जाता येतं.

आधी तुझ्या जन्माचं सांगतो. सत्त्याहत्तरचा फाल्गुन, सकाळचे नऊ. नसीमबानो अंगणात आली आणि पायसुद्धा न धुता मला म्हणाली, "भाऊ, गाडी जुंप. तोंड धामणगावच्या रस्त्याकडे. लेकरू रडेस्तोवर बैलाच्या मानेवरून जू उतरवायचं नाई." जायचं कुठेच नव्हतं. तरी कोणाच्याही घरी ती आधी हेच सांगायची. तुझी आजी चिडली. "येनाऱ्याच्या वक्ती जानाऱ्याची तयारी करतं का कोनी? अपशकुन हाये हा." त्यावर नसीमबानो म्हणाली, "बुढे, जा लागलं नाई तं बैल उभ्या उभ्या मरत नाई." मी गाडी जुंपली. शेजारचे देवराव जाता-येता विचारत होते, "काहून रे खुशाल, वरात कुठं चालली?"

दुपारी तिनं मला आत बोलावलं. काकू माहेरी गेली होती, आजीच्या गुडघ्यांत बळ नव्हतं, तुझ्या आईला, मनकर्णेला, मागून धरायला कोणी हवं होतं. "शरम बाहेर खुंटीले टांग अन पाठीमागून धर तिले." मी भिंतीला टेकून बसलो, तुझी आई माझ्या छातीला टेकली. रागिणी, मी जिनिंगमध्ये रुईच्या गाठी दाबणारी यंत्रं पाहिली आहेत. पण त्या दिवशी तिच्या पाठीतून जी ताकद उतरत होती, ती माझ्या बरगड्यांना लागत होती आणि ती तिची एकटीची वाटत नव्हती. दाई मात्र काही करत नव्हती. पोटावर तळवा ठेवून, डोळे मिटून ती नुसती बसली होती. मध्येच म्हणायची, "येऊन रायलं, येऊ दे." तासभर ती तशी बसली. तेवढं शांत बसायला किती यावं लागतं, ते मला नंतर कळलं.

मग तुझं डोकं आलं आणि सगळं थांबलं. तोंड बाहेर, बाकी अजून आत. जांभळा, मिटलेला चेहरा, श्वास नाही. ना इकडची, ना तिकडची. मग कोणी हात न लावता तू स्वतःच वळलीस, अरुंद दारातून माणूस अंग आडवं करून निघतो तशी, आणि सगळीच्या सगळी बाहेर आलीस. तुझं रडणं ऐकून बाहेर बैलांनी घुंगरं वाजवली. नसीमबानोनं नाळ लगेच कापली नाही. माझं बोट धरून तिच्यावर ठेवलं. ती उडत होती. तुझ्या छातीवर कान ठेवण्याआधी मी तुझा जीव त्या नाळेत मोजला आहे. हळूहळू ते उडणं मंद झालं, थांबलं, आणि तू तुझी झालीस.

दवाखान्याचंही सांगायला हवं, नाहीतर ते खोटं होईल. चार वर्षांपूर्वी तुझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी मी अकोल्याच्या त्या व्हरांड्यात उभा होतो. अर्धवट उघड्या दारातून शेजारच्या बाईचं बाळ दिसलं. निळं, लुळं. एक किडकिडीत नर्स त्याच्या तोंडावर रबरी फुगा धरून दाबत होती आणि पुटपुटत मोजत होती. बघता बघता त्या पोराच्या ओठांवर रंग आला, जणू कोणी आतून दिवा वर केला. त्या मुलीला मी मनातल्या मनात दंडवत घातला. पण त्याच दवाखान्यात तू अकरा तास एकटी होतीस. आईला आत येऊ दिलं नाही, ओरडलीस म्हणून तुला दटावलं. "मला तिथे माणूस म्हणून कोणी हात लावला नाही," असं तू तेव्हा लिहिलं होतंस. तू घराकडे का बघतेस, ते मला समजतं.

आता ऐंशी साल, आषाढ. तुझ्या आईचं दुसरं बाळंतपण. सगळं ठीक होतं, पहिलं इतकं सोपं झालेलं. दुपारी बाळाचा हात आधी खाली आला. नसीमबानोनं क्षणभरही घालवला नाही. "हे माह्या हातचं काम नाई. गाडी काढ." त्या हाकेनंतर गाडी निघायला दोन तास लागले. चिखलातून धामणगाव गाठलं, तुझी आई वाचली, पोरगा गेला. थोडं आधी आला असता तर कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. 'कदाचित' हा शब्द मी तेव्हापासून लेखी वापरला नव्हता. तुझ्या आजीनं गावात सांगितलं, दाईनं वेळ लावला. नसीमबानोला त्यानंतर कोणी बोलावलं नाही. ज्या हातांनी अर्धं गाव झेललं, ते हात पुढे दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचत राहिले.

गाडी सकाळी तिनं जुंपायला लावली होती, रागिणी. मी ती सोडली. आजीचा अपशकुन हे निमित्त होतं. आठ दिवसांच्या झडीनंतर त्याच दिवशी वाफसा आला होता, जमीन डवरणीला, पिकातलं तण काढायला, तयार झाली होती, आणि बैल दारात उभे पाहून माझा जीव तुटत होता. मी जू उतरवलं आणि पुंजाजी सालदाराबरोबर बैल नाल्यापलीकडच्या वावरात पाठवले. ते परत आणण्यात ते दोन तास गेले. 'सगळं ठीक आहे' यावर माझा विश्वास होता. लोक दाईला बोल लावत होते, तेव्हा मी गप्प बसलो.

काल नसीमबानोकडे गेलो. पंच्याहत्तरीची झाली आहे, डोळ्यांत मोतीबिंदू. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मले मालूम होतं, भाऊ. गाडी काढ म्हनून हात धुवाले बाहेर आली तवा जू भिंतीले टेकेल दिसलं." मग बोलली का नाही? "बाई जगली होती ना. तिले त्याच घरात दिवस काढाचे होते, तुह्यासंगं." निघताना तिनं तुझ्यासाठी सांगितलं, "तिले म्हन, घरी कर का दवाखान्यात कर, एकटी नोको राहू. अन गाडी सोडू देऊ नोको." मला याच्यापुढे काही कळत नाही. आता बैलजोड्या गावात मोजक्याच उरल्या, आपलीही गेली. गावातल्या गुलफामची जीप सांगून ठेवली आहे. तू घरी आलीस तर पहिली कळ आल्यापासून ती दारात उभी राहील, तोंड रस्त्याकडे. तू अकोल्याला राहिलीस तर आईला आत घेतील, असं आधीच लिहून घे. ठरवायचं तुला आहे.

हे पत्र नावाला तुझं आहे. तोंडानं जे तुझ्या आईला सत्तावीस वर्षं सांगता आलं नाही, ते कागदावरून वाचता येईल असं वाटलं, म्हणून लिहायला बसलो. आज दुपारी तुझ्या आईला इथवर वाचून दाखवलं. ती तूर निवडत होती. 'वाफसा' या शब्दाला तिचा हात थांबला. संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "नसीमबानोले मालूम होतं?" मी हो म्हणालो. तिनं सूप बाजूला ठेवलं, चपला घातल्या. अंगणातून वळून म्हणाली, "जीप कोनाची म्हनता? गुलफामची? ब्रेक पाहून घ्या तिचे." आणि नसीमबानोच्या घराकडे निघाली. अजून परत आलेली नाही.

तुझाच, उंबऱ्यात बसून वाट बघणारा,
बाबा