तारा तोडलेलं हृदय

आबा,

दुसऱ्याच्या हृदयावर चालणारा माणूस या वर्षी मी पाहिला. त्याला चालायला शिकवण्याचं काम माझ्याकडे होतं. तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होते, पुढचं तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. मी धुळ्यात एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. लकवा झालेले, हाड मोडलेले, गुडघे धरलेले लोक येतात, त्यांच्याकडून व्यायाम करून घेते. मी बोलते कमी आणि मोजते जास्त, असं इथे म्हणतात. ते खरं आहे.

हा माणूस शिरपूरचा, टेलिफोन खात्यात लाइनमन. वय चाळीसच्या आत. एका तापाचं निमित्त होऊन त्याचं हृदय फुगत गेलं आणि मद्रासला नेऊन दुसरं बसवावं लागलं. अपघातात गेलेल्या कुणाचं तरी. कुणाचं, ते सांगत नाहीत. कित्येक महिने तिथे काढून तो धुळ्याला मोठ्या बहिणीकडे राहायला आला. खांबावर चढणं संपलं होतं. खातं त्याला टेबलावरचं काम द्यायला तयार होतं, पण ते टेबल दुसऱ्या मजल्यावर. जिना चढता आला तर नोकरी राहणार, नाहीतर नाही. आणि हा खुर्चीतून हातांनी रेटा दिल्याशिवाय उठत नव्हता. औषधांनी मांड्या वाळून गेल्या होत्या. बहिणीला सगळे अक्का म्हणत. ती त्याच्यासोबत यायची, मला साबणाने हात धुवायला लावायची आणि त्याने पाय उचलला की म्हणायची, "बस रे भाऊ, पुरे." पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "ताई, हाई हिरदं परकं शे. याना पाय कथा चालनात, त्याले काय माहीत?" हृदय परकं आहे, याचे पाय कुठे निघालेत हे त्याला कसं कळणार? मी ते अडाणी बोलणं समजले.

मद्रासहून आलेल्या कागदांत स्पष्ट लिहिलं होतं की या रुग्णाच्या नाडीवर विसंबू नका. मी ते दोनदा वाचलं होतं. तरी मी नाडीवरच विसंबले, कारण माझी बोटं दुसरं काही शिकलीच नव्हती. बसल्या जागी त्याची नाडी शंभरच्या आसपास. व्हरांड्यात तीन मिनिटं चालवलं. नाडी हलली नाही. मला वाटलं, अजून बरीच ताकद शिल्लक आहे. मी वेग वाढवायला सांगितला. चौथ्या फेरीला त्याचे ओठ पांढरे पडले आणि पाय लटपटले. मी त्याला बाकावर बसवलं, मनगट धरलं, आणि नाडी आता चढू लागली. माणूस स्वस्थ बसलेला, आणि नाडी चढतेच आहे. अक्का ओरडत होती. तोच धापा टाकत म्हणाला, "घाबरू नका ताई. लाइन कट आहे. फोन लागत नाही, निरोप सायकलवरून जातो. उशीर होणारच." थोड्या वेळाने म्हणाला, "आता मी बसलोय हे सांगायला दुसरा सायकलवाला अजून निघायचाय."

आबा, हे शब्दशः तसंच आहे. हृदय काढताना त्याच्या मज्जातंतूंच्या तारा कापल्या जातात आणि नव्या शरीरात त्या कुणी जोडू शकत नाही. मेंदू चाल म्हणतो, पाय चालतात, हृदयाला पत्ता नसतो. मग रक्तातून एक रस हळूहळू तिथवर पोहोचतो, तेव्हा ते वेग घेतं. आणि माणूस थांबल्यावरही काही मिनिटं धावत राहतं. तोवर ते आपल्याच तालात, कुणी न सांगता चालू असतं. मी हे शिकले होते. पण बोटांखाली ते घडताना त्या दिवशी पहिल्यांदाच जाणवलं. अक्काने कागद न वाचता तेच सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी मी मद्रासला पत्र लिहायला घेतलं, की हा रुग्ण माझ्याच्याने होणार नाही. कारण तुम्हाला माहीत आहे. दीपनगरच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये, हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर, तुम्ही पलंगावर होतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अजिबात हलायचं नाही, आणि आई पाण्याला गेली की पहारा माझा असे. तुम्ही टर्बाइनवर काम केलेले. म्हणालात, "बाई, मशीन बंद केलं तरी रोटर हळूहळू फिरवत ठेवावा लागतो. गरम रोटर तसाच थांबवला तर स्वतःच्या वजनाने वाकतो. मला उठव." मी नाही म्हटलं. तुम्ही पुन्हा म्हणालात, "वाकेल गं." मग मी हात दिला. दारापर्यंत सहा पावलं, परत सहा. तुम्ही घामाघूम होऊन हसलात. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

पत्र मी पुरं केलं नाही. कागद पुन्हा वाचले, या वेळी बोटं बाजूला ठेवून. दुसऱ्या दिवसापासून नाडी मोजणं बंद. आधी बराच वेळ अगदी सावकाश चालायचं, सायकलवाला पोहोचेपर्यंत, मग वेग, मग पुन्हा सावकाश, एकदम थांबायचं नाही. दम किती लागला ते त्याने सांगायचं, मी ऐकायचं. चालताना बोलता आलं पाहिजे, एवढाच नियम. तो शिरपूरपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतचे आपले खांब सांगत चालायचा: कुठला कलला, कुठल्यावर सुगरणीचं घरटं. अक्का मागून म्हणायची, "खांब मोजस, पन मना हातनी भाकर पुरी खास नही." खांब मोजतो, पण माझ्या हातची भाकर पुरी खात नाही, ही तिची तक्रार. खुर्चीतून उठणं आधी पाच वेळा, मग दहा. मांड्या भरायला चार महिने लागले.

गेल्या आठवड्यात तो दवाखान्याचा जिना चढला, दोन्ही मजले, कठड्याला हात न लावता. मी दोन पायऱ्या मागे होते. अक्का खालीच थांबली होती, तोंडावर पदर धरून. वर पोहोचून तो खिडकीशी उभा राहिला आणि मला म्हणाला, "ज्याचं आहे तो कधी धुळ्याला आला नसेल." खाली रस्ता होता, रिक्षा होत्या, ऊन होतं. त्याच्या छातीत ते हृदय तेव्हा कुठे वेग घेत असणार. मी त्याच्या शेजारी उभी राहिले.

ती बारा पावलं तुम्हाला भोवली का, हे मला ठरवता येत नाही. भोवली नाहीत असा पुरावा नाही, भोवली असाही नाही. आज तुमच्यासारखा रुग्ण आला तर आम्ही त्याला काही दिवसांतच उठवतो, इतकंच सांगू शकते. आई मात्र आल्या-गेल्याला अजून सांगते, "पोरीने शेवटपर्यंत त्यांना हलू दिलं नाही, एवढीशी असून." सांगताना माझ्या डोक्यावरून हात फिरवते. हे पत्र खरं तर तिला वाचून दाखवायला हवं. परवा ती इथे आली होती, मी तिच्यासमोर बसूनच यातलं अर्धं लिहिलं. काय लिहितेस म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, दवाखान्याचं आहे.