वॉल्टची पंधरावी निवड

४ जून १९७८, रविवार

आजच्या बेसबॉल सामन्यातही वॉल्टचं शून्य! चार वेळा बॅट घेऊन उभा राहिला, चारही वेळा हात हलवत परत. माझ्या रांगेतला एक टकलू ओरडतो कसा — "ए हुडेक, घरी जा, नातवंडं सांभाळ!" नातवंडं? अडतीस वर्षांचा आहे वॉल्ट हुडेक! मी त्या टकल्याचं तिकीट दोनदा तपासलं. गरज नव्हती. तेवढंच माझ्या हातात.

६ जून

स्टेडियममधल्या आम्हा जागा दाखवणाऱ्या बायकांत कुजबुज चाललीय — यंदाचा हंगाम संपला की वॉल्टला क्लब नारळ देणार. सगळ्या संघांतले निवडक खेळाडू जुलैत खेळतात त्या ऑल-स्टार सामन्याला चौदा वेळा निवडला गेलेला माणूस! आमच्या क्लबात इतक्यांदा कुणीच गेलेलं नाही. पण पंधराव्यांदा लोकांनीच निवडून पाठवला, तर कोणत्या तोंडानं काढतील?

ठरलं. मी पाठवणार.

७ जून

फाटकावर मतांची कार्डं वाटायचं काम माझंच आहे. ज्याला मत द्यायचं त्याच्या नावापुढच्या चौकोनाला भोक पाडायचं आणि कार्ड पेटीत टाकायचं. एका माणसानं एकच टाकायचं, असं त्यावर कुठंही लिहिलेलं नाही. मी बघितलंय. दोन्ही बाजूंनी.

सामना संपला की निम्मी कार्डं खुर्च्यांखाली पडलेली असतात. ती पिशवीत भरून घरी आणायची आणि विणायच्या सुईनं भोकं पाडायची. गेली आठ वर्षं करतेय. हंगामाला दोन-तीन हजार होतात. यंदा तेवढ्यानं भागायचं नाही. त्या डेल रॅकलेनं नुसता धुमाकूळ घातलाय. चोवीस वर्षांचा पोरगा, पश्चिमेकडच्या संघाचा, तिसऱ्या बेसवर वॉल्टच्याच जागेवर खेळतो, आणि त्या जागेसाठी निवड एकाचीच. कार्डावर नावही वॉल्टच्या बरोब्बर खाली.

११ जून, रविवार

चर्चहून थेट क्लेमकडे गेले. क्लेम म्हणजे माझा धाकटा दीर, सुतारकाम करतो. सगळं सांगितलं. तो हातातला सॉसेज तसाच धरून बघत बसला.

"वहिनी, ही लबाडी नाही होय?"

"तुझ्या फुटबॉलवाल्यांना तू टीव्हीसमोर बसून शिव्या घालतोस, ते काय पुण्यकर्म?"

"त्यात भोकं पाडायची नसतात."

"क्लेम, ड्रिलचं मशीन देतोयस की नाही?"

दिलं! दोनशे कार्डांचा गठ्ठा शिकंज्यात आवळायचा, वरच्या कार्डावर वॉल्टचा चौकोन धरायचा आणि ड्रिल सोडायचं. घर्रर्र — झालं! सुईनं अख्खी दुपार गेली असती. क्लेमनं सुरुवातीला नाक मुरडलं, पाचव्या गठ्ठ्याला मात्र स्वतःच म्हणाला, "आण पुढचा."

१४ जून

बोटाला ड्रिल लागलं. पट्टी बांधली. आज चौदाशे.

१८ जून

वर्तमानपत्रात आकडे आले. रॅकले पुढे, वॉल्ट एकोणीस हजारांनी मागे. क्लेम म्हणाला, "आता सोडा, वहिनी." सोडा? नवऱ्याच्या दुखण्यात डॉक्टरही असंच म्हणाला होता आणि फ्रँक त्यानंतर चार वर्षं जगला. चार!

आता गेटवरच्या दोघींनाही सांगितलंय — उरलेलं एकही कार्ड केराच्या डब्यात जाता कामा नये. मी प्रत्येक गठ्ठ्याचं वरचं कार्ड नीट तपासते. भोक कसं अगदी मधोमध! हयगय करायची माझी जात नाही.

२३ जून

आज वॉल्ट सराव संपवून कठड्यापाशी आला. कोवळा पोर होता तेव्हा दोन वर्षं माझ्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिलाय. अजूनही मला नावानं हाक मारत नाही.

"मिसेस प्रुस्की, बोटाला काय झालं?"

"भाजी चिरताना."

"तुम्ही? तुम्ही तर डबाबंद भाजी खाता!"

हसला. गुडघ्याला बर्फ बांधलेला होता. मग मैदानाकडे बघत म्हणाला, "घरी भिंतीवर चौदा फोटो लावलेत. दर वर्षीच्या सामन्याचा एक. वाईट खेळलो ना, की त्यांच्यासमोर जाऊन बसतो. म्हणतो, बाबा रे, हे कुणी फुकट नाही दिलेलं."

घरी येताना भर बसमध्ये रडू आलं. पंधरावा लागलाच पाहिजे.

२ जुलै, रविवार

मतदान बंद. माझी कार्डं नऊ हजार सहाशे! क्लेमनं बिअर उघडली, मला अर्धा ग्लास दिला. कालच्या वर्तमानपत्रात वॉल्ट फक्त चार हजारांनी मागे होता. माझी शेवटची पिशवी अजून मोजलेली नसणार. जमेल. जमायलाच हवं.

४ जुलै

हरला. तीन हजार एकशे आठ मतांनी.

बाहेर फटाके उडताहेत. खिडक्या लावून घेतल्या.

५ जुलै

देवा! मी काय करून बसले!

क्लेमच्या टेबलाखाली एक गठ्ठा राहून गेला होता. उचलला तर रबर तुटलं आणि कार्डं जमिनीभर पसरली. वरच्या तीस-चाळिसांवर भोक वॉल्टच्या चौकोनात. त्याच्याखालच्यांवर जरा सरकलेलं. आणि खालची सगळी — सगळी! — रॅकलेच्या चौकोनात. ड्रिल तिरकं जात होतं. मी शहाणी रोज वरचंच कार्ड बघत होते!

क्लेमनं कागदावर आकडेमोड केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. त्या पोराला मी किमान पाच हजार मतं दिलीत. वॉल्टला मीच पाडलं.

७ जुलै

क्लेम म्हणतो, तोंड बंद ठेवा, कुणाला कळणार आहे? मला कळलंय ना! काल बातम्यांत वॉल्ट म्हणाला, "लोकांना मी नको असेन, तर मलाही कळायला हवं." हंगाम संपायची वाट न पाहता थांबायचा विचार करतोय म्हणे. लोकांनी नाकारलं असं समजून तो घरी बसणार, आणि मी बघत राहू? मुळीच नाही. रविवारी सांगणार. लाज वाटेल, वाटू दे. नोकरी गेली तर गेली.

९ जुलै, रविवार

सांगितलं. खेळ सुरू व्हायच्या आधी, कठड्यापाशी उभी राहून. ड्रिल, गठ्ठे, सगळं. "लोकांनी नाही रे पाडलं तुला, मी पाडलं," म्हणाले. मला वाटलं हसेल, निदान शिव्या तरी घालेल.

त्यानं टोपी काढून हातात घेतली. मग हळूच म्हणाला, "मिसेस प्रुस्की, मागच्या वर्षीसुद्धा? त्याच्या आधी?"

खोटं बोलावंसं वाटलं. तोंडून निघेना. लोकांची मतं घ्यायला लागले तेव्हापासून, मी म्हणाले. आठही वर्षं. त्याआधी खेळाडूच एकमेकांना मतं द्यायचे, तिथे माझा हात पोचत नव्हता.

"म्हणजे चौदातले सहाच माझे," तो म्हणाला. टोपी डोक्यावर ठेवली आणि तिसऱ्या बेसकडे चालत गेला.