शून्य पॉइंट एकवीस व्होल्ट

३ फेब्रुवारी
सात महिने या वहीला हात लावला नाही, त्याबद्दल मनापासून माफी. लिहिण्यासारखं काही नव्हतं, हे कारण खोटं आहे. लिहायचं धैर्य नव्हतं. आज आहे. नव्या प्रयोगशाळेत रुजू झाले. तळमजल्यावरची खोली, मोठी खिडकी, कोरं टेबल, आणि सबंध मजल्यावर मी एकटी. साहेब वर बसतात. काम आवडीचं: नखाएवढ्या सौर पट्ट्या किती वीज देतात ते मोजायचं. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक लोड आहे, म्हणजे आपण सांगू तेवढा प्रवाह ओढून घेणारं यंत्र. ताईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, माणसांशी जमेना म्हणून आता डबड्याशी संसार मांडलास का! खूप दिवसांनी दोघी हसलो.

६ फेब्रुवारी
पट्टी जोडली की व्होल्टेज धाडकन शून्यावर. तीन दिवस पट्ट्यांना दोष दिला. चूक माझी होती. ठरावीक प्रवाहाच्या मोडवर लोडला समोरच्याची ऐपत कळत नाही. मागितलेलं मिळेना की ते आणखी जोर लावतं आणि पट्टी मान टाकते. आता ठरावीक व्होल्टेजच्या मोडवर ठेवलंय. मिळेल तेवढंच घेतं. साहेब म्हणाले, चला, म्हणजे पट्ट्या निर्दोष सुटल्या.

९ फेब्रुवारी
लोडच्या वायरींच्या टोकांच्या क्लिपा बदलताना दोन्ही माझ्या हातात होत्या आणि पडद्यावर ०.२१ व्होल्ट आले. बोटांचा घाम आणि दोन धातू. त्यात नवल नाही. गंमत म्हणून ठरावीक प्रवाह मागून पाहिला. पट्ट्या कोसळतात तिथे मी कोसळले नाही. आकडा हलला नाही. तासभर तशीच धरून बसले. एवढा वेळ माझ्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

१३ फेब्रुवारी
जिना चढताना दम लागतो. बोटं गार. क्लिपा काढून खणात ठेवल्यात, तरी पडद्यावर ०.१७. वायरी बदलल्या. टोकं एकमेकांना जोडली. शून्य यायला हवं, येत नाही. नऊ तारखेलाच मोड परत बदलला होता, तरी तो पुन्हा ठरावीक प्रवाहावर आहे. की बदललाच नव्हता? साहेबांना बोलावलं. त्यांना शून्यच दिसलं. म्हणाले, मॅडम, दोन दिवस घरी राहा, चेहरा बघा कसा ओढलाय.

१५ फेब्रुवारी
परवा निघताना लोडचा प्लग काढला होता. पडदा चालूच राहिला. आज घरी आहे — आकडा न बघता कळतो. ०.०९.

१६ फेब्रुवारी
ताईचा फोन. आवाज कसला झालाय तुझा, उद्या सकाळच्या गाडीने येते, म्हणाली. येऊ नकोस म्हटलं. रडून सांगितलं. मला शिकवू नकोस, मी मोठी आहे, म्हणून तिने फोन ठेवला. आता उचलत नाही. आली की आधी माझे हात हातात घेईल — तिला कसं सांगू —

१६, दुपार
प्रयोगशाळेत आहे. कशी आले, आठवत नाही. ०.०४. अजून मागतंय.

एक स्रोत अशक्त असला तर शेजारी दुसरा जोडतात, भार वाटला जातो — हे का लिहितेय मी. नको. ताई नको. तिला दोन पोरं आहेत.

ताई दणकट आहे. सगळं घर एकटी ओढते. थोडंसंच —

उद्या: ताईसाठी क्लिपांची दुसरी जोडी घासून ठे