लेबलावरचे तीनशे वॅट

उधना, सुरत
५ डिसेंबर १९९९

श्री. सुधाकरराव यांस त्र्यंबकचा सप्तांग नमस्कार. (आठवं अंग म्हणजे माझा उजवा गुडघा. तो दिवाळीपासून वाकायला तयार नाही. त्याच्यातर्फे नुसती विनंती समजावी.) आपली प्रकृती उत्तम असेल, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेलं तूप आपण बंद केलं असेल, निदान वहिनींनी ते कुठे लपवलंय याचा शोध तरी अजून लागला नसेल, अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम. क्षेम म्हणजे मिळालेलं सांभाळणं, असं आमचं शास्त्र सांगतं. आम्हाला मिळालं ते तुमच्याकडून, आणि ते सांभाळता सांभाळता काय काय झालं ते कळवावं म्हणून हा पत्रप्रपंच. मागणं काहीही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

भाऊबीजेला तुम्ही बहिणीच्या तबकात साडीऐवजी चंदेरी पिशवीतलं ते ग्राफिक्स कार्ड घातलंत, तेव्हाचा रजनीचा चेहरा तुम्हाला आठवत असेलच. निरांजनाच्या उजेडात ती बराच वेळ त्या पिशवीत काठ आणि पदर शोधत होती. मग तुम्ही समजावलंत, की साड्यांची डिझाइनं काढणाऱ्या बाईला साडी देणं म्हणजे बारडोलीच्या साखर कारखान्याला किलोभर साखर नेऊन देणं. त्यापेक्षा हे कार्ड कॉम्प्युटरात बसलं की पडद्यावर रंग असे उमटतील, की मिलवाला ते बघूनच मागणी नोंदवेल. मला तुमचं बोलणं फार पटलं. (इतकं मुद्देसूद बोलणं दादाला कसं सुचलं, याचं रजनीला आश्चर्य वाटलं. मला वाटलं नाही.)

कार्डासोबत एक घडीचं पत्रक होतं, अकरा भाषांतलं. मी शाळेत शिकवतो ती संस्कृत सोडून सगळ्या होत्या. इंग्रजी वाचून तात्पर्य एवढंच निघालं, की कॉम्प्युटरच्या पोटात सगळ्यांना वीज वाटणारा जो डबा असतो, ज्याला ही मंडळी पॉवर सप्लाय म्हणतात, तो निदान अडीचशे वॅटचा हवा. डबा दुबळा असेल तर असलं खादाड कार्ड त्याला झेपायचं नाही. रजनीने पत्रक मिटून बाजूला ठेवलं. पांडेसऱ्याच्या एका मिलला लग्नसराईच्या बारा बॉर्डर तिला सत्तावीस नोव्हेंबरला द्यायच्या होत्या. त्या पसंत पडल्या तर वर्षभराचं साड्यांचं काम; नाहीतर पुन्हा लोकांची लेबलं करत बसायचं. (फरसाणाच्या पिशव्या, साड्यांचे खोके, अगरबत्तीचे पुडे: या शहरात जे जे चिकटवलेलं दिसतं, त्यातलं बरंचसं आमच्या बैठकीच्या खोलीत जन्माला आलेलं असतं.) ती म्हणाली, "बॉर्डरी होऊ देत हो आधी. कार्ड कुठे पळून जातंय?" पण भावाच्या प्रेमाची वस्तू पिशवीत कोंडून ठेवणं मला बरं दिसेना. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि कॉम्प्युटर उघडला.

आम्हा जुन्या वळणाच्या लोकांना कुठलीही गोष्ट मानायला प्रमाण लागतं. वीज डोळ्यांना दिसत नाही, म्हणून प्रत्यक्ष बाद. हात लावून पाहावं तर पुढचं पाहायला आपण उरू याची खात्री नाही. राहिलं शब्दप्रमाण. तो शब्द डब्यावरच चिकटवलेला होता: तीनशे वॅट. सोनेरी अक्षरं, भोवती कोयऱ्यांची नाजूक वेलबुट्टी. अडीचशेची गरज आणि तीनशेची ऐपत. मुलगी द्यायलासुद्धा हरकत नाही असं स्थळ. (विजेच्या डब्याला कोयऱ्या कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मला वाटलं, परदेशी माल. त्यांच्यात रसिकता असेल.) मी कार्ड बसवून टाकलं.

पहिले दोन दिवस बरे गेले. मग एक विचित्र प्रकार सुरू झाला. दिवसभर रजनी कामाला बसे, तेव्हा यंत्र गरीब गाईसारखं वागे. संध्याकाळी मी तासभर ते तपासायला बसलो, की मधेच पडदा काळा आणि सगळं गार. पुन्हा चालू करावं, तपासत तपासत ऐन रंगात यावं, की पुन्हा गार. रजनीने एकदा स्वयंपाकघरातून विचारलं, "तुम्ही रोज नक्की काय तपासता हो?" मी म्हटलं, "रंग." ती म्हणाली, "मग त्या रंगांचा घुर्रघुर्र आवाज का येतो?" मी म्हटलं, "पंखा."

मंगळवारी, म्हणजे तेविसाला, मी शाळेतून घरी आलो तर दाराशीच करपलेला वास. मला वाटलं, कढी लागली. आत पाहिलं तर कॉम्प्युटरच्या मागून धुराची बारीक रेघ निघतेय आणि रजनी जुन्या वहीने वारा घालतेय. नऊ बॉर्डर त्या यंत्राच्या पोटात, तीन काढायच्या बाकी, आणि हातात चार दिवस. ती काही बोलली नाही. एरवी इतक्या ऐवजावर ती मला दोन दिवस पुरेल एवढं बोलली असती. त्यामुळे मी जास्तच घाबरलो.

शेजारचे काशिनाथ धावून आले. हे बमरोलीला पॉवरलूमवर जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेले माग ताळ्यावर आणणं हा त्यांचा पेशा. मूळचे धुळ्याकडचे. कॉम्प्युटर त्यांनी याआधी फक्त आमच्या खिडकीतून पाहिलेला. त्यांनी तो डबा सोडवून काढला, ना पत्रक वाचलं ना लेबल, तळहातावर घेऊन वांग्यासारखा वर-खाली केला आणि म्हणाले, "मास्तर, हाई ते निस्तं खोकं शे. मन्ही लूमनी मोटर उचलताना कंबर मोडस. यामा तांबंच नई."

मी म्हटलं, "अहो काशिनाथ, पण तीनशे वॅट लिहिलंय."

"लेबल काय जोर देस का?" ते म्हणाले, आणि डबा माझ्या हातात देऊन चहाची वाट पाहत बसले.

सुधाकरराव, तीस वर्षं मी मुलांना प्रमाणविचार शिकवतोय. वजन हेही प्रमाण असू शकतं, हे माझ्या एकाही ग्रंथात नाही. मी डबा रुमालात बांधला आणि तावातावाने रिंग रोड गाठला. तिथे छगनभाईंचं कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात हा डबा त्यांनीच बसवला होता. जाताना बसमध्ये मी भाषण तयार केलं. त्यात 'विश्वासघात' हा शब्द तीनदा होता. दुकानात गिऱ्हाईकं असताना मी ते सुरू केलं आणि पहिल्या विश्वासघाताशी पोहोचतो न पोहोचतो, तोच छगनभाईंनी डबा उलटा करून लेबलावरून अंगठा फिरवला आणि अगदी घरच्या माणसासारखे हसले.

"मास्तरसाहेब, आ लेबल तो रजनीबेने बनाव्युं छे! तमारा घरनुं ज छे. ने आंकडो तो तमे ज कीधो'तो!"

लेबल आमच्या घरचं, आणि आकडा मी सांगितलेला. मला लख्ख आठवलं. गेल्या वर्षी छगनभाईंचा पाचशे लेबलांचा कागद आला होता, त्यात वॅटची जागा कोरी. रजनीने फोन केला तर ते म्हणाले, जो शोभेल तो आकडा टाका. फोन हातात धरूनच तिने मला विचारलं, "काय घालू? दोनशे?" मी पेपरातून मान वर न काढता म्हटलं, "दोनशे फार बोडकं दिसतं. तीनशे घाल." कोयऱ्या तिने स्वतःच्या मनाने घातल्या, रिकामी जागा तिला बघवत नाही.

वेद अपौरुषेय आहेत, त्यांना कर्ता नाही, म्हणून त्यांत खोट नाही, हे आम्ही मानतो. त्या लेबलाबद्दल माझी हीच श्रद्धा होती. त्याचा कर्ता सापडला, आणि तो रुमाल घेऊन दुकानात उभा होता. उरलेले दोन विश्वासघात मी गिळले. छगनभाईंनी मला सोडा पाजला आणि दुसरा डबा बदली दिला. "आनी पर केटला लखुं?" असं विचारून त्यांनी लेबलांची गुंडाळी पुढे ओढली. मी म्हटलं, काही लिहू नका.

नवा डबाही काशिनाथांनी तळहातावर तोलला आणि मान हलवली; म्हणाले, जुनं कार्ड ओढेल, नवं नाही. तेव्हा तुमचं कार्ड काढून जुनं बसवलं. रजनीने तीन दिवस पाठ टेकली नाही. सत्तावीसला बारा बॉर्डर पांडेसऱ्याला पोचल्या, दहा पसंत पडल्या आणि वर्षाचं काम तिला मिळालं. तुमचं कार्ड माझ्या जुन्या उपरण्यात गुंडाळून कपाटात ठेवलंय. त्यावाचून कोणाचं काही अडलेलं नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुपाला माझी आठवण सांगा.

आपला,
त्र्यंबक

ता. क. आता सहज आठवलं म्हणून लिहितो. नाशिकला तुमच्या कारखान्यात खात्रीचे पॉवर सप्लाय येतात, असं तुम्ही म्हणाला होतात. एखादा पाठवता आला तर पाहा. लेबल वाचू नका, हातात धरून पाहा. हात दुखला तर घ्या.

ता. क. दुसरा. आणि सोबतच्या चिठ्ठीत हे तुमच्याच मनात आलं असं लिहा, जसं भाऊबीजेला बोललात तसंच. (तेव्हा माझं पत्र जवळजवळ शब्दशः पाठ केलं होतंत, आभारी आहे.) खरं सांगायचं तर रजनीच्या बॉर्डरींना त्या कार्डाची गरज नव्हती. शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी मला मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ दिलाय. डोंगरातला रस्ता आहे. तिसऱ्या वळणावर मोटार जोरात वळली, की यंत्र गार. सोमवारी मी ते वळण अकरा वेळा घेतलं आणि मंगळवारी धूर निघाला. हे पाप माझं आहे, ते तिला कळता कामा नये. वळणापलीकडे समुद्र असावा असा माझा कयास आहे.

ता. क. तिसरा. दादा, मी रजनी. ह्यांनी पाकीट डकवायला माझ्याकडे दिलं. त्यांना काही लिहू नकोस, बिचारे आठ दिवस माझ्याशी फार गोड वागतायत, भांडीसुद्धा घासली. मंगळवारी दुपारी खुर्चीत मी होते आणि बॉर्डर काढत नव्हते. समुद्रबिमुद्र काही नाही, तिथे बोगदा आहे. मला त्याचं तोंड दिसलं तेवढ्यात वास आला. डबा चांगला जड बघून लवकर पाठव.